घुम्याकाकांचं वायफाय

त्यांचं खरं नाव गावात कुणाला माहीत असेल असं वाटत नाही. प्लगवाल्या बाई म्हटलं की पोस्टमनपासून बेकरीवाल्यापर्यंत सगळ्यांना कळतं. कॅफेत शिरल्यावर माणूस आधी खुर्ची बघतो, खिडकी बघतो, फार तर समोरच्या डोंगरांकडे बघून 'वा' म्हणतो. या बाई सरळ वाकून टेबलाखाली बघायच्या. आधी प्लग कुठाय, मग नेट कसंय, मग कॉफी. डोंगर त्यांच्या यादीत नव्हतेच.

पण हसू नका. बाईंचं पोट त्या प्लगवर होतं. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं आणि ऐकता ऐकता टाइप करायचं, हे त्यांचं काम. आधी वीस वर्षं कोर्टात स्टेनो होत्या. बोटं अशी तयार, की बोलणारा वाक्य संपवून श्वास घेतो तोवर इकडे पूर्णविराम पडलेला. आता तीच बोटं ऐकू न येणाऱ्या माणसांसाठी चालायची. दूरच्या कुठल्या तरी शहरात वर्ग चालू असायचा, तिथला आवाज हेडफोनमधून बाईंच्या कानात यायचा, आणि बाईंनी टाइप केलेली अक्षरं त्या विद्यार्थ्याच्या पडद्यावर उमटायची. नियम एकच, जे बोललं गेलं ते सगळं उतरवायचं. पदरचं घालायचं नाही आणि गाळायचं तर मुळीच नाही. असल्या कामात नेट जरा अडखळलं की कुणाचं तरी वाक्य मध्येच तुटतं. म्हणून काम देणाऱ्या ऑफिसशी बाईंचा दिवस "हॅलो, ऐकू येतंय का?" याच प्रश्नाने सुरू व्हायचा आणि पुष्कळदा त्याच प्रश्नावर संपायचा.

मग या डोंगरात कशाला कडमडल्या? आईच्या दम्यासाठी. डॉक्टर म्हणाले हवा बदला, बाईंनी बिऱ्हाडच बदललं. आईचा दम पहिल्या महिन्यात ताळ्यावर आला आणि दुसऱ्यात जीभ पूर्वीसारखी चालू लागली. घर मात्र टेकडीच्या पलीकडच्या अंगाला होतं. तिथपर्यंत वायर आली नव्हती, मोबाइलला गच्चीवर एक काडी यायची, तीही वारा नसेल तर. त्यामुळे रोज सकाळी लॅपटॉप पाठीला लावून कॅफे शोधत उतारावर उतरायचं हे ठरलेलं.

बाईंनी वही केली. कॅफे, वेळ, नेट किती वेळा गेलं, कशामुळे गेलं. काचेच्या कॅफेत नेट झकास, पण अकरा वाजता सहली आल्या की चाळीस माणसं एकदम फोटो पाठवायला बसत. बेकरीत मिक्सर लागला की दिवे मिचकावत आणि वायफायचा डबा बंद पडे. चढावरच्या तीन कॅफेंनी तर बाईंना महिनाभर पळवलं. पहिल्यातलं नेट गेलं की त्या बोचकं उचलून दुसऱ्यात जायच्या, तिथलं गेलं की तिसऱ्यात, प्रत्येक ठिकाणी नवी कॉफी. शेवटी कळलं की तिन्ही मालक सख्खे साडू, आणि तिघांत मिळून कनेक्शन एकच.

"एवढ्या चौकशा स्थळं बघताना केल्या असत्यास," आई म्हणाली, "तर आज मला जावई असता."

"जावयाला प्लग नसतो, आई," बाई म्हणाल्या. तो विषय त्या दोघींत तेवढाच व्हायचा.

हसण्यावारी न्यायचं नाही असं एकच होतं. शेवाळांवर प्रबंध लिहिणाऱ्या एका मुलीसाठी बाई दोन वर्षं टाइप करत होत्या. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. गुरुवारी अकरा वाजता तिची तोंडी परीक्षा होती. तीन परीक्षक प्रश्न विचारणार, आणि तिने ते बाईंच्या अक्षरांतून वाचून उत्तरं द्यायची. याआधीच्या सराव परीक्षेत काचेच्या कॅफेने दगा दिला होता. ऑफिसने बजावलं होतं की आणखी एकदा तुटलं तर काम दुसऱ्याला जाईल. ते एक वेळ बाईंनी सोसलं असतं. पण त्या मुलीचा निरोप आला होता: 'मधली सहा मिनिटं काहीच आलं नाही. सगळे माझ्याकडे बघून बोलत होते. मी नुसती हसत बसले.' हे वाचल्यापासून बाईंना जेवण गोड लागत नव्हतं.

सोमवार उजाडला तरी जागा ठरेना. बाई रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून लॅपटॉपवरची नेटवर्कांची यादी बघत होत्या. साडूंचं, काचेचं, बेकरीचं, सगळी ओळखीची. आणि एक नवीनच, 'बाबांसाठी' नावाचं. कुलूपबंद. बाई तासभर बघत राहिल्या, त्याच्या काड्या एकदाही हलल्या नाहीत. मग त्या उठल्या आणि उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून, काड्या वाढतील त्या दिशेला चालू लागल्या. भाजीवाली म्हणाली, बाईंचं काही खरं नाही. बाई वळणावरच्या शेवटच्या दुकानापाशी थांबल्या तेव्हा काड्या पूर्ण भरल्या होत्या, आणि समोर पाटी होती: 'येथे वायफाय नाही.'

ते घुम्याकाकांचं दुकान. पाच टेबलं, एक शेगडी, आणि सत्तरीचे काका. गावात त्यांची कीर्ती अशी, की नमस्कार केला तर उत्तर नाही, हाक मारली तर मान वळवत नाहीत. शिवाय प्रत्येक टेबलावर कागदाच्या चिठ्ठ्या आणि पेन्सिल, काय हवं ते लिहून द्यायचं, तोंडी सांगितलेलं चालायचं नाही. "स्वतःला कलेक्टर समजतो," असं साडू म्हणत. बाईही तिकडे कधी फिरकल्या नव्हत्या.

काका पाठमोरे उभे राहून दूध तापवत होते. बाई म्हणाल्या, "काका, तुमच्याकडे नेट आहे ना?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. काकांनी शेगडीवर टांगलेल्या आरशात बघितलं, वळले, हसले आणि त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला. बाईंचा पारा चढला. मागितलं काय, देतो काय. त्यांनी पेन्सिल ओढली आणि चिठ्ठीवर खसाखसा लिहिलं: 'पाटी खोटी आहे. मला गुरुवारी दीड तास नेट हवंय. एका बहिऱ्या मुलीची परीक्षा आहे, मी तिच्यासाठी टाइप करते.'

काकांनी चिठ्ठी वाचली. चार ओळी वाचायला माणसाला एवढा वेळ लागत नाही. मग ते जरा मोठ्यानेच म्हणाले, "कोपऱ्यातलं टेबल घ्या. पासवर्ड मला माहीत नाही. मुलीने बसवून दिलंय, साखरेच्या डब्यामागे चिकटवलंय तिने."

वायफायचा डबा साखरेच्या शेजारीच होता. त्याला स्वतःची बॅटरी होती आणि वापरणारा एकच माणूस, तोही आठवड्यातून एकदा. बाईंनी वहीत लिहिलं, 'घुम्याकाका. नेट गेलं: शून्य वेळा,' आणि खाली दोनदा रेघ ओढली.

गुरुवारी अकराला परीक्षा सुरू झाली. पहिला परीक्षक भरभर बोलायचा, दुसऱ्या परीक्षक वाक्य अर्धं सोडायच्या, तिसरा दाढीत पुटपुटायचा. बाईंनी तिघांनाही सोडलं नाही. पडद्याच्या कोपऱ्यात मुलीचा चेहरा दिसत होता, वाचणारा, मग उत्तर देणारा. काका फडकं घेऊन बाईंच्या मागे कधी येऊन उभे राहिले, त्यांना कळलं नाही. तासाभराने तो दाढीवाला म्हणाला, "शेवाळावर तीनशे पानं लिहिलीत. शेवाळाला कल्पना आहे का?" बाईंनी ते उतरवलं. क्षणभराने मुलगी हसली. आणि त्याच क्षणी बाईंच्या खांद्यामागे कुणीतरी खदखदून हसलं.

बाराच्या पुढे वीस मिनिटांनी 'अभिनंदन' हा शब्द टाइप झाला. नेट एकदाही तुटलं नव्हतं. मुलगी दोन्ही हात वर करून हलवत होती आणि बाई, कोर्टात खुनाच्या साक्षी कोरड्या डोळ्यांनी उतरवलेल्या बाई, ओढणीने डोळे पुसत होत्या.

त्यांनी हेडफोन काढला. दारात एक जोडपं उभं होतं. "दोन कॉफी, एक बिनसाखरेची," नवरा म्हणाला. काका मागेच होते, पण हलले नाहीत. नवरा पुन्हा म्हणाला. काका बंद पडद्याकडे बघत होते, अजून काही उमटेल म्हणून. बाईंची बोटं गरमच होती. त्यांनी कोरं पान उघडून सवयीने टाइप केलं: 'दोन कॉफी, एक बिनसाखरेची.'

काकांनी वाचलं आणि "आणतो" म्हणत शेगडीकडे गेले.

बाई थिजल्या. चिठ्ठ्या, आरसा, न मागितलेला चहा, घुम्या हे नाव, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. दोन वर्षं त्या ऐकू न येणाऱ्या माणसांवर जगत होत्या, आणि समोरचा माणूस त्यांनाही शिष्ट वाटला होता. त्यांना स्वतःची लाज वाटली. जोडपं गेल्यावर त्यांनी टाइप केलं: 'किती दिवस?'

"चार वर्षं," काका खुर्ची ओढून बसले. "आधी एक कान गेला, मग दुसरा. मशीन लावून बघितलं, नुसतीच खरखर. गावाला सांगितलं नाही. घुम्या म्हणतात ते बरंय, बिचारा म्हणण्यापेक्षा."

'आणि तुमच्या मुलीला?'

"तिला तर नाहीच. दर रविवारी पाचला फोनवर दिसते. मी तिचा चेहरा बघतो, हो हो म्हणतो. कळलं तर दुकान बंद करून घेऊन जाईल. तिकडे मी काय करू, खिडकीत बसू?"

बाईंनी थोडा विचार केला. मग टाइप केलं: 'आज परीक्षा दिली ती मुलगी मागे एकदा, अक्षरं तुटली तेव्हा, सहा मिनिटं नुसती हसत बसली होती. तुम्ही चार वर्षं बसलात.'

काकांनी फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग उठून शेगडीकडे गेले. बाईंनी लॅपटॉप मिटला.

रविवारी मात्र चार वाजताच टेकडीच्या पलीकडे राहणाऱ्या बाईंच्या दारात काका हजर. आईने दार उघडलं आणि आत वळून म्हणाली, "अगं, एक गृहस्थ आलेत. प्लग आहे म्हणतात." रात्रीपर्यंत तिला तेच हसू पुरलं.

दुकानात काकांनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. बाई कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेताने बसल्या, लॅपटॉप काकांकडे वळवून. पाच वाजता मुलगी दिसली. तिने केस सारखे केले आणि जगातला प्रत्येक माणूस जे विचारतो तेच विचारलं. बाईंनी टाइप केलं:

'बाबा, ऐकू येतंय ना?'

काकांच्या ओठांवर नेहमीचं 'हो हो' आलंच होतं. ते थांबले. पडद्यावरचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं.

"नाही," ते म्हणाले. "चार वर्षं झाली, बाळा. आज कुणीतरी लिहून देतंय, ते वाचतोय."

बाईंनी बोटं कळांवर तशीच ठेवली. मग मुलगी बोलली, आणि बाईंनी नियमाप्रमाणे सगळं उतरवलं, पदरचं न घालता आणि काही न गाळता.

'मला वाटायचं, तुम्हाला माझ्याशी बोलायचंच नसतं.'

काकांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, फडक्याने पुसला, परत लावला. खुर्ची पुढे ओढली.

"बोल," ते म्हणाले. "पहिल्यापासून सगळं बोल. आज दुकान बंद आहे."