पँट जरा वर घ्या, मास्तर

बाजाराच्या मागच्या गल्लीत, चपलांच्या दुकानावरच्या मजल्यावर मास्तरांचं शिवणकामाचं दुकान होतं. जिना अरुंद आणि अंधारा, तरी लोक चढून यायचे, कारण मास्तरांसारखी पँट गावात कुणी शिवत नव्हतं. शर्ट कुणीही शिवतो, असं ते म्हणायचे. बोलणं कमी, आणि जे बोलायचे ते तिरकं. एखादं गिऱ्हाईक म्हणालं, "कंबर जरा सैल ठेवा," तर खडूनं खूण करता करता म्हणायचे, "कंबर मी ठेवीन तशीच राहील. पोटाचं तुम्ही बघा."

एका संध्याकाळी मास्तर कापडाचा गठ्ठा घेऊन परत येत होते, तेव्हा मालाचा एक ट्रक उलटा मागे येत होता. ड्रायव्हरनं पाहिलं नाही. मास्तरांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

त्यानंतरचे कितीतरी महिने ते घरात खाटेवर बसून होते. दुकान बायकोनं सांभाळलं. तिला बटणं लावता यायची, लांबी कमी करता यायची, पण कापड कापायचा धीर नव्हता, आणि मास्तरांनी कापायचं तर टेबलाशी तासन् तास उभं राहायला हवं. गिऱ्हाइकं हळूहळू दुसरीकडे गेली. मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. ती घरी आली की बाप खिडकीकडे तोंड करून बसलेला दिसायचा. चहा घेणार का विचारलं तर मान हलवायचा, हो की नाही ते कळायचं नाही.

अशात गावातल्या सेवा क्लबनं कृत्रिम पायांचं शिबिर घेतलं. माप घेतलं, दोनदा बोलावलं, आणि पाय बसवून दिला. हे खरं होतं आणि मास्तरांनी ते शेवटपर्यंत नाकारलं नाही. पाय बसल्यावर आठवड्याभरात ते कठडा धरून जिना चढले. अपघाताच्या दिवशी अर्धी कापलेली एक पँट टेबलावर तशीच घडी घालून ठेवलेली होती. ती उलगडली आणि उरलेली कापली. बायको मशीनवर बसली होती. तिनं तोंड फिरवलं आणि रिकाम्या मशीनवर उगाच पाय मारत राहिली.

त्या महिन्यात मास्तरांनी स्वतःसाठी दोन पँटी शिवल्या. डाव्या पायाला घेर बोटभर जास्त, खालची पट्टी जड, म्हणजे चालताना कापड सरळ पडावं आणि आतलं काही कळू नये. त्या पँटी घालून ते चालायला लागले की नवख्या माणसाला वाटायचं, याचा गुडघा जरा दुखत असावा, इतकंच.

क्लबचे अध्यक्ष दर वर्षी बदलायचे, पण प्रसिद्धीचं काम कायम एकाच माणसाकडे असायचं. त्यांचं फर्निचरचं मोठं शोरूम होतं, म्हणून सगळे त्यांना शोरूमवालेच म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. हसतमुख, मदतीला धावणारा, खिशात कायम दुसऱ्यासाठी पेन ठेवणारा. चांगलं काम झाकून ठेवलं तर लोक पुढे येणार कसे, असं त्यांचं ठाम मत होतं. क्लबला गावात कुणी ओळखत नाही, लोक आपल्याला जेवणावळी उठवणारी मंडळी समजतात, ही त्यांची सल होती.

शिबिरानंतर काही दिवसांनी ते फोटोग्राफरला घेऊन जिना चढून आले. मास्तर टेबलाशी उभे राहिले, हातात कात्री. फोटोग्राफरनं दोन-चार फोटो काढले. शोरूमवाल्यांनी ते पाहिले आणि त्यांचं तोंड उतरलं.

"यात कळतच नाही हो काही," ते म्हणाले. "कुणीही शिंपी वाटतोय. पँट जरा वर घ्या, मास्तर."

मास्तरांना आधी समजलं नाही. समजलं तेव्हा ते बायकोकडे पाहायला लागले. ती खाली मान घालून दोरा ओवत होती.

"किती वर?" मास्तरांनी विचारलं.

"गुडघ्यापर्यंत. एवढंच. लोकांना पाय दिसला पाहिजे ना."

मास्तर वाकले. जड पट्टी दुमडली, मग आणखी दुमडली. तो फोटो गावच्या बसथांब्यावर मोठ्या फलकावर लागला. खाली लिहिलं होतं, 'आम्ही माणसाला पायावर उभं करतो.' मास्तर घरून दुकानात जायचे तो रस्ता त्या फलकाखालून जायचा.

मग ते चालूच राहिलं. नव्या अध्यक्षांचा पदभार, शाळेतलं भाषण, दुसऱ्या गावच्या क्लबची भेट, वर्तमानपत्रवाल्यांची बैठक. शोरूमवाले फोन करायचे, "मास्तर, गाडी पाठवतो." मास्तर जायचे. व्यासपीठाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालून दाखवायचे, पँट दुमडायचे, टाळ्या व्हायच्या. एकदा एका पाहुण्यांनी त्या पायावर बोटानं टकटक करून पाहिलं आणि म्हणाले, "मजबूत आहे." मास्तर म्हणाले, "दार नाहीये साहेब, आत कुणी नाही." सभागृह हसलं. शोरूमवाल्यांना ते इतकं आवडलं की पुढच्या कार्यक्रमात म्हणाले, "तो दाराचा विनोद सांगा ना."

बाजारात त्यांचं नाव 'पायवाले मास्तर' पडलं. जिना चढून येणारा माणूस कापड दाखवायच्या आधी खाली पाहायचा. एक जुनं गिऱ्हाईक शिलाई कमी करायला घासाघीस करताना सहज बोलून गेलं, "तुम्हाला काय मास्तर, तुमचं सगळं क्लब बघतो." मास्तरांनी त्याचं कापड घडी करून त्याच्या हातात दिलं. गिऱ्हाईक गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, असं गिऱ्हाईक तोडून चालेल का?" मास्तर दिवसभर खडू कानावरून काढत होते आणि परत ठेवत होते.

मुलीला एका कचेरीत नोकरी लागली होती. तिथल्या सूचनाफलकावर कुणीतरी क्लबचं पत्रक लावलं. बापाचा उघडा पाय, आणि त्याखाली तिच्या टेबलाशेजारचा माणूस डबा खात बसलेला. त्या संध्याकाळी ती घरी आली ती सरळ बापासमोर उभी राहिली.

"बाबा, आता पुरे. त्यांना नाही म्हणा."

"असं कसं नाही म्हणू? मी उभा आहे तो त्यांच्यामुळे."

"उभे आहात, मान्य. पण त्यांनी तुम्हाला पाय दिला, का तुम्हाला ठेवून घेतलंय?"

"तोंड सांभाळून बोल."

"मी सांभाळते. माझ्या ऑफिसातले कुणी सांभाळत नाहीत." तिचा आवाज फाटला. "अपघात झाला तेव्हा मला लाज नव्हती वाटली. आता वाटते."

मास्तर उठून आत गेले. दोन दिवस बाप-लेक एकमेकांशी आईमार्फत बोलत होते. पुढच्या कार्यक्रमाला मास्तर गेलेच. नाही म्हटलं तर गावभर कृतघ्न ठरू, ही भीती त्यांच्या मनात घर करून बसली होती, आणि ती त्यांनी घरात कुणाला सांगितली नव्हती.

काही वर्षांत पायाचा उरलेला भाग बारीक झाला आणि तो जिच्यात बसतो ती कृत्रिम पायाची वाटी सैल पडायला लागली. चालताना आत घासायचं, कातडी सोलायची. बायको उरलेल्या अस्तराच्या मऊ पट्ट्या शिवून द्यायची, त्या आत भरून मास्तर उभे राहायचे. दुपारनंतर त्यांचा चेहरा राखेसारखा व्हायचा. त्यात रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "वाटी बदलून घ्या. जखम होऊ देऊ नका."

मास्तर शोरूममध्ये गेले. नव्या सोफ्यावर प्लास्टिक होतं. त्यावर बसावं की नाही हे न कळून ते उभेच राहिले.

"वाटी बदलायची आहे," ते म्हणाले. "फार दुखतंय."

शोरूमवाल्यांना खरंच वाईट वाटलं. "अरे अरे. पण मास्तर, या वर्षी आपण डोळ्यांचं काम घेतलंय. पायांचं वर्ष नाही हे." मग जवळ येऊन खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पण एक करा. पुढच्या महिन्यात क्लबचा रौप्यमहोत्सव आहे. वरचे पदाधिकारी येणार आहेत. गावातून पदयात्रा काढतोय, तुम्ही सगळ्यात पुढे हवे. तेवढं एक चालून द्या. त्यांच्यासमोरच तुमचा विषय काढतो. हातोहात काम होईल."

"चालणं जमेलसं वाटत नाही."

"हळू चाला. सगळे तुमच्यामागे हळू चालतील. तुम्ही नाहीत तर पदयात्रेला अर्थ काय?"

मास्तर हो म्हणाले. घरी आल्यावर बायकोला म्हणाले, वाटीचं काम होणार आहे. पदयात्रेचं नंतर सांगितलं.

त्या दिवशी सकाळपासून ऊन होतं. मास्तरांची पँट आधीच गुडघ्यापर्यंत दुमडून पिन लावून ठेवली होती, सारखी खाली यायला नको म्हणून. हातात कापडी फलकाचं एक टोक, दुसरं टोक शोरूमवाल्यांच्या हातात. यात्रा हळू चालली खरी, पण जागोजागी थांबायची, फोटोसाठी मागे जायची, पुन्हा तोच तुकडा चालायची. चौकात कुणाचा तरी कॅमेरा बंद पडला म्हणून चौक परत ओलांडला. मास्तर हसत होते. फोटोत ते सगळीकडे हसताना दिसतात.

घरी येऊन त्यांनी पाय काढला तेव्हा अस्तराची पट्टी कातडीला चिकटली होती. बायकोनं कोमट पाण्यानं ती सोडवली. खालचं मांस दिसत होतं. ती म्हणाली, "वरच्या साहेबांपुढे विषय काढला का?"

"त्यांना गाडी पकडायची होती," मास्तर म्हणाले.

जखम भरली नाही. मास्तर दवाखाना टाळत राहिले, कारण हातात घेतलेलं काम द्यायचं होतं. मग ताप आला, पाय काळवंडला. मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेतलं आणि सांगितलं की आता गुडघाही राहणार नाही. सही तिनं केली.

ऑपरेशननंतर चौथ्या-पाचव्या दिवशी क्लबचे लोक भेटायला आले. फळांची टोपली, पाठीमागे धरायला कापडी फलक, आणि फोटोग्राफर. शोरूमवाल्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. दोघांनी फलक खाटेच्या मागे धरला.

"एकच फोटो, मास्तर," शोरूमवाले हळूच म्हणाले. "क्लब तुमच्या पाठीशी आहे, हे लोकांना कळू दे."

मास्तरांनी चादरीकडे पाहिलं. एका बाजूला ती मांडीच्या मध्यापासून सपाट पडली होती.

"साहेब," ते म्हणाले, "आता वर घ्यायला काही उरलं नाही."

मागच्या कुणीतरी सवयीनं हसून घेतलं. बायको उठली, फलक धरणाऱ्याच्या हातातून तो काढून घेतला, नीट घडी केली, शिंपिणीची घडी, कडेला कड लावून, आणि फळांच्या टोपलीवर ठेवून टोपली शोरूमवाल्यांच्या हातात दिली. "तुम्ही चांगली माणसं आहात," ती म्हणाली. "आता जा."

ते गेले. त्या वर्षी क्लबला उत्तम जनप्रतिमेचं पारितोषिक मिळालं. वर्तमानपत्रात पदयात्रेचाच फोटो होता. मुलगी बसथांब्यावरचा फलक उतरवायला सांगायला शोरूममध्ये गेली, तेव्हा शोरूमवाले मनापासून दुखावले. "तुमच्या वडिलांना या गावात ओळख आम्ही दिली," ते म्हणाले. "त्यांचं वाईट चिंतलं का आम्ही कधी?" तशीही नव्या फलकाची छपाई चालूच होती. पाय आता जुने झाले होते.

जिना सुटला. दुकान आवरून मशीन घरातल्या पुढच्या खोलीत आणलं. बायको कापायला शिकली. मास्तर खुर्चीत बसून काजं करायचे, बटणं लावायचे, आणि ती चुकली तर सांगायचे. आधी फार रागावून, मग नुसतं "हं" म्हणून. मोठ्या कामाची गिऱ्हाइकं आलीच नाहीत. डागडुजीची येत राहिली.

एकदा एक म्हातारी कोटाचं फाटलेलं अस्तर घेऊन आली. तिच्या डोळ्यांवर कोरा चष्मा होता. ती बोलायला उतावीळ होती.

"क्लबनं दिला," ती म्हणाली. "ऑपरेशन केलं, चष्मा दिला. सुईचं भोक दिसतं मला आता. उद्या माझा फोटो काढणार आहेत, मोठ्या फलकासाठी. म्हणून हा कोट. तुम्हीपण होतात ना फलकावर? तिथे काय करायचं असतं हो?"

बायकोची कात्री थांबली. मास्तरांनी म्हातारीकडे पाहिलं. ती भिंतीवरची तारीख, रिळांचे रंग, जे दिसेल ते वाचून आनंदत होती.

"चष्मा घालूनच जा," ते म्हणाले. "आधी काढा, चाचपडत या, मग घाला, असं सांगतील. तेवढं करू नका."

"का बरं? तसं केलं तर काय झालं?"

मास्तरांनी कोटाचं अस्तर उलटून पाहिलं. बायकोनं म्हातारीला कोट सकाळी मिळेल म्हणून सांगितलं. ती दाराची चौकट न चाचपडता, ताठ मानेनं बाहेर पडली.

"तुम्ही तिला सगळं सांगायला हवं होतं," बायको म्हणाली.

"ती किती खूश आहे, पाहिलंस ना," मास्तर म्हणाले, आणि कोट मांडीवर ओढून फाटक्या अस्तराची शिवण उसवायला लागले.