नव्वद किलो आणि रविवारचं मटण

"नव्वदच्या खाली या, मग तारीख देतो," सर्जन म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटची फाइल उघडलीसुद्धा. आमचे हे अजून खुर्चीतून उठतच होते. एक हात टेबलावर, एक माझ्या खांद्यावर. दोन्ही गुडघे पार झिजलेले, हाडावर हाड घासतं. वजन अठ्ठ्याण्णव आणि वर रक्तदाब, त्यामुळे भूल देणारे डॉक्टर तयार होत नव्हते.

मीच मागे वळून विचारलं, "आणि नाही उतरलं तर?"

"तर थांबू. पण फार थांबलो तर पायातली ताकद जाते. मग गुडघे बदलूनही चालणं अवघड." त्यांनी पाच-सहा महिन्यांनंतरचा एक महिना सांगितला, त्या महिन्यात पुन्हा या म्हणाले. झालं, बाहेर.

आता आमची परिस्थिती सांगते. आम्ही नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. यांना जिना उतरायला एवढा वेळ लागतो की तेवढ्यात माझ्या कुकरच्या शिट्ट्या होऊन वाफसुद्धा जिरते. दवाखान्यात जायचं असलं की मुलगा वाघोलीहून येतो आणि पुढे उलटा उतरतो, म्हणजे तोल गेलाच तर धरायला. बाकी दिवसभर हे खिडकीतल्या खुर्चीवर. ज्या माणसानं आयुष्यभर कारखान्यात स्टोअर सांभाळलं, रोज सायकलवर भोसरी गाठली, तो माणूस समोरच्या गॅलरीतले कपडे कधी वाळत घालतात आणि कधी काढतात ते बघत बसलेला. ऑपरेशन झालं नाही तर हेच, आणि कायमचं. आम्ही दोघं ते बोलत नव्हतो, पण दोघांना माहीत होतं.

सर्जननी आम्हाला त्याच दवाखान्यातल्या आहारवाल्या मुलीकडे पाठवलं. मुलगी आमच्या नातीच्या वयाची. तिनं दिवसाच्या कॅलरी ठरवून दिल्या आणि एकेक गोष्ट काढून घेतली. भात गेला, चहातली साखर गेली, रात्रीचं दूध गेलं. हे मान हलवत होते. शेवटी तिनं विचारलं, "काका, मांसाहार?"

"रविवारी मटण. ते जाणार असेल तर गुडघे असेच राहू देत."

मला वाटलं, आता ही चिडणार. पण ती म्हणाली, "जाणार नाही. पण कुठलं आणि किती, ते मी सांगणार." आणि मग तिनं नीट समजावलं. बरगडीजवळचं, मानेचं, छातीचं मटण घेतलं तर त्यात मांसाच्या आतच चरबी असते, ती काढता येत नाही. मांडीचं घेतलं आणि दिसेल ती चरबी कापून टाकली, तर तेवढ्याच वजनात कॅलरी खूपच कमी. वजन कच्च्याचं करायचं, हाड धरायचं नाही. एकशेवीस ग्रॅम. आठवड्यातून एकदा.

हे खाली बघून ऐकत होते. कारण आमच्याकडे मटण आजवर यांनीच आणलेलं. नळी हवीच, चाप थोडी, छातीचे दोन तुकडे, आणि वर तवंग यायला चरबीचा एक लपका. नुसतं मांडीचं नेणारा माणूस यांच्या मते एक तर नवखा नाही तर आजारी.

पहिल्या रविवारी दुकानात मी गेले. "मांडीचं द्या, बिनहाडाचं, चरबी काढून."

दुकानदारानं सुरा थांबवला. "काका कुठायत?"

"घरी. वजन उतरवायचंय त्यांचं."

"मग असं मटण बघून आपोआप उतरेल," तो म्हणाला आणि कापायला लागला.

सुनेनं स्वयंपाकघरात ठेवायचा छोटा काटा आणून दिला होता. ती कंपनीत कंप्युटरवर काम करते आणि तिच्या फोनमध्ये खाण्याच्या कॅलरी मोजायची सोय आहे. मी यांच्या वाट्याचं मटण काट्यावर ठेवलं. चार तुकडे झाले. शिजून आक्रसले आणि सुपारीएवढे दिसायला लागले. ताट पुढे ठेवलं तर हे कितीतरी वेळ बघत राहिले.

"हा नैवेद्य आहे का?"

"अहो, मोजून आहेत."

"ते दिसतंय. कावळ्याला याच्यापेक्षा जास्त घालतात."

आणि खाल्लं मुकाट्यानं. मला ते बघवेना. मग मी माझ्या परीनं एक केलं: रस्सा सुधारला. तुकडे कमी तर कमी, निदान रश्श्यानं तरी जीव शांत होईल. खोबरं जरा जास्त भाजलं, तीळ घातले, खसखस घातली, दाटपणाला चार काजू. यांनी वाटी पुढे केली की मी वाढत होते.

दर सोमवारी सकाळी चहाच्या आधी वजन. पहिले काही आठवडे बरे गेले. काटा चौऱ्याण्णववर आला, मुलानं फोनवरून शाबासकी दिली. आणि तिथंच बसला. पुढच्या सोमवारी चौऱ्याण्णव. त्याच्या पुढच्या सोमवारीही. मग एका सोमवारी चौऱ्याण्णव आणि वर अर्धा. हे उतरले, पुन्हा चढले. पुन्हा तेच. मी काटा उचलून दुसऱ्या फरशीवर ठेवला. तिथंही तेच.

घरातली हवाच बदलली. सूनबाईचा फोन आला. "आई, तुम्ही सांगता ते सगळं मी मोजतेय. एवढ्यावर वजन उतरायलाच पाहिजे. बाबा मधेच काही खात नाहीत ना?"

मी म्हटलं, नाही गं. पण एकदा कानावर पडलं की डोक्यात बसतं. मी चिवड्याचा डबा उघडून बघायला लागले. शेंगदाण्याच्या बरणीत किती आहेत ते नजरेनं मापायला लागले. दुपारी पडले की झोप लागेना, स्वयंपाकघरातून आवाज येतो का ऐकत राहायची. यांनी ते पाहिलं असणार. स्टोअर सांभाळलेला माणूस, त्याच्या नजरेतून काय सुटतंय.

शेवटी मी विचारलंच. "अहो, खरं सांगा. दुपारी माझा डोळा लागला की काय खाता?"

हे वर्तमानपत्र वाचत होते. ते खाली ठेवलं, घडी घातली. "मी डबा काढायला उठलो तर गुडघ्याचा आवाज तुला आतल्या खोलीत येतो. चोरी करायची सोयसुद्धा राहिलेली नाही."

"मग वजन वाढतंय कसं?"

"तुला वाटतंय ना मी खातो? बरं."

त्या दिवसापासून हे बोलेनासे झाले आणि ताटातलं अर्धं टाकायला लागले. भाकरी मोडायची, थोडी खायची, हात धुवायचे. मला आधी राग आला, मग भीती वाटायला लागली. बाथरूमच्या दारात एकदा त्यांचा तोल गेला, चौकट धरली म्हणून बरं. म्हणजे अंगातलं त्राण चाललंय आणि वजन जागच्या जागी. सर्जननी सांगितलेला महिना दोन-अडीच महिन्यांवर आलेला. मी खुर्चीशेजारी जाऊन उभी राहिले तर मान खिडकीकडे.

पुढच्या रविवारी मी कांदा चिरत होते आणि मागे आवाज आला. हे भिंत धरून स्वयंपाकघरात आले होते. इतक्या महिन्यांत आले नव्हते.

"खुर्ची दे. आज मी बघणार."

"काय बघणार?"

"आत काय जातंय ते. स्टोअरमध्ये शिल्लक जुळली नाही की मी माणसांवर आळ घेत नव्हतो. दारात उभा राहून माल बघत होतो."

ते मला लागलं, आणि लागावं म्हणूनच म्हटलेलं होतं. मी खुर्ची दिली. यांनी तो छोटा काटा पुढ्यात ओढला. "आता जे जे पातेल्यात जाईल ते आधी इथं ठेवायचं."

"मटण मोजलंय की."

"मटण मोजलंय. बाकीचं?"

बाकीचं म्हणजे काय, मला कळेना. मी तेलाची पळी उचलली, यांनी हात आडवा धरला. एक वाटी काट्यावर ठेवली, तीत तेल ओतायला लावलं. एक पळी, दुसरी, तिसरी. मग खोबरं. अर्धी वाटी नव्हे, चांगली अख्खी वाटी किसलेली. तीळ. खसखस. काजू बाहेर काढले तेव्हा यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चारच असतात." काट्यावर आठ निघाले. मोजलेलं सगळं भाजून वाटून झालं तेव्हा हे म्हणाले,

"सुनेला फोन लाव."

लावला. यांनी एकेक आकडा सांगितला, तिनं घातला. मग तिनं विचारलं,

"आई, एवढा रस्सा बाबांना एकट्याला?"

"एकट्याला कशाला, दोघांना. मी वाटीभरच घेते पण."

"आणि बाबा?"

मी पळी धुवायला घेतली. हेच म्हणाले, "तीन वाट्या. कधी चार. भाकरी कुस्करून."

"आणि उरलेला?"

आता उरलेल्याचं सांगायचं तर, तुकडे संपतात पण रस्सा उरतोच. मग सोमवारी तो भाकरीबरोबर. मंगळवारी त्यात बटाटे टाकते, बुधवारी उकडलेलं अंडं सोडते. सुनेला सांगायला मी एक तक्ता ठेवला होता, त्यात लिहायची, बटाटा अर्धी वाटी, अंडं एक. तेच तर खात होते ना ते.

सूनबाई म्हणाली, "आई, मटणाच्या चार तुकड्यांत आहेत त्याच्या कितीतरी पट रश्श्यात आहेत. आणि तो चार दिवस जातोय पोटात."

मी ओट्याला टेकले. आमच्याकडे जावळाचं जेवण असो, नाही तर घरचं, वाढणारा तुकडे नजरेनं मोजून वाढतो, आणि मागून रश्श्याची बादली येते ती कितीही वेळा. तुकडा मागायला संकोच वाटतो, रश्श्याला कुणी नको म्हणत नाही. रस्सा म्हणजे पाणीच, असं लहानपणापासून डोक्यात. त्या मुलीनं मटण किती विचारलं, मी मटण किती ते सांगितलं. रस्सा कुठल्या घरात मोजतात?

मला वाटलं, आता हे मला चार शब्द ऐकवणार. त्यांचा हक्कच होता. पण ते वाटलेल्या खोबऱ्याकडे बघत बसले. वास सुटला होता.

"म्हणजे शिल्लक जुळली," एवढंच म्हणाले.

"अहो, वाटण झालंय. आजच्या दिवस घ्या. पुढच्या रविवारपासून बघू."

"आणि तारीख गेली तर?"

मी गॅस बंद केला. ते वाटण खालच्या काकूंना द्यावं तर त्या माळकरी, कांदा-लसूण चालत नाही. शेवटी मुलगा संध्याकाळी घेऊन गेला. यांनी त्या दिवशी चार तुकडे मीठ-मिरी लावून नुसते खाल्ले, पण ताट पूर्ण संपवलं आणि मला म्हणाले, "पाणी दे." आठवड्यानंतर माझ्याशी बोललेला तो पहिला साधा शब्द.

पुढच्या रविवारी सूनबाई स्वतः आली. तिनं दुकानदाराकडून मांडीचा एकच जाड काप आडवा काढून आणला होता, वजनाला तेवढाच. कच्च्या पपईचा कीस, आलं-लसूण आणि दह्यात तो सकाळपासून मुरवला. तव्यावर चमचाभर तेल, तेही मोजून.

"याला स्टेक म्हणतात, बाबा. हॉटेलात बीफचा करतात, आपण मटणाचा करू."

"आधी चार होते, आता एकावर आले," हे म्हणाले. "हॉटेलात याचे पैसेही घेत असतील."

"भरपूर."

पण तो काप ताटात चांगला तळहाताएवढा दिसत होता. तिनं सुरी दिली, रेषांना आडवं कापायला शिकवलं, नाही तर चिवट लागतं म्हणाली. पहिल्या घासाला हे म्हणाले, "चप्पल बरी मुरवलीय." दुसऱ्याला काही म्हणाले नाहीत. कवळीनं सावकाश चावत, पातळ पातळ कापत खात राहिले. एरवी रस्सा-भाकरीचं जेवण डोळ्यांदेखत संपतं, याला मात्र आमच्या दोघींच्या गप्पा संपल्या तरी वेळ होता. भाकरीला मी अळणी पाणी दिलं होतं. हाडं उकळलेलं पाणी फ्रीजमध्ये ठेवलं की चरबी वर थिजते, ती काढून टाकायची. त्याला चव नसते असं काही नाही. रश्श्याची चव मात्र त्याला नसते, ते खरं आहे.

वजन पुन्हा हललं. पण हळू. ब्याण्णव. एक्क्याण्णव आणि थोडं. महिना आला तेव्हा घरच्या काट्यावर नव्वदच्या किंचित खाली, आणि घरचा काटा खरा बोलतोय का याची कुणाला खात्री.

त्या सकाळी यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. सगळ्यांत पातळ पायजमा घातला. दवाखान्यात काट्यापाशी गेल्यावर घड्याळ काढलं, चष्मा काढला, खिशातला रुमाल काढून माझ्या हातात दिला. मग माझा खांदा धरून वर चढले. आकडा आला सत्त्याऐंशी. माझा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात नर्स म्हणाली, "काका, हात सोडा. काकूंवर भार आहे तुमचा."

हात सोडणं म्हणजे त्या दोन गुडघ्यांवर, कशाचाही आधार न घेता, हलायचंही नाही. यांनी खांद्यावरची बोटं एकेक करून काढली. पाय थरथरत होते, आणि ते थरथरत होते म्हणून आकडा ठरत नव्हता. नव्वद पॉइंट तीन. नव्वद पॉइंट एक. पुन्हा नव्वद पॉइंट दोन. मी हात पुढे करून उभी, पण लावायचा नाही. यांनी दात आवळले, श्वास धरला. आकडा एकोणनव्वद पॉइंट नऊवर आला आणि थांबला.

"लिहिलं," नर्स म्हणाली. मी धरलं.

सर्जननी कागद पाहिला, कॅलेंडर पाहिलं आणि तारीख दिली. "तोपर्यंत टिकवा."

रिक्षात मुलगा पुढे बसला, आम्ही दोघं मागे. मी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली, पुन्हा काढून पाहिली, पुन्हा ठेवली. हे बाहेर बघत होते. इतके महिने आम्ही त्या काट्यालाच घाबरत होतो. ऑपरेशनला घाबरायचं राहूनच गेलं होतं, ते आता आठवलं.

पुलावर सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा ते म्हणाले, "खूप दुखेल का गं?"

"दुखेल."

"हं," म्हणाले, आणि गुडघ्यावरचा हात उचलून माझ्या हातावर ठेवला.