आईच्या तांब्यातलं पाणी

माधवअण्णांनी माझ्या आईच्या तांब्यातलं पाणी क्रोटनच्या मुळाशी ओतलं. सावकाश ओतलं. धोतरावर शिंतोडे उडू नयेत म्हणून जरा मागं सरून, वाकून. मग रिकामा तांब्या टेबलावर ठेवला. पाटीत शेवंतीची फुलं होती. त्यातली दोन उचलून बाजूला केली, तिसरं टवटवीत निघालं, ते तांब्यात घातलं.

मी चार हातांवर उभी होते.

सभागृहाच्या मागच्या पडवीत मला कोणी बोलावलं नव्हतं. पण तिथं ठेवलेलं घंगाळ माझ्या दुकानातलं होतं आणि त्याची डावी कडी जरा सैल होती. भरलेलं घंगाळ नुसत्या कडीला धरून उचललं असतं तर निखळलं असतं. खालून हात द्या, एवढं सांगायला मी मागं गेले होते.

पडवीत तांब्यांची रांग होती. प्रत्येकाच्या गळ्याला दोरा, दोऱ्याला नावाची चिठ्ठी. बाकीच्या तांब्यांतलं पाणी घंगाळात गेलं होतं. आमचा तांब्या रांगेत नव्हता. तो वेगळा, खाली फरशीवर होता.

अण्णांनी वळून मला पाहिलं. दचकले नाहीत. हलक्या आवाजात म्हणाले, "अक्का, सगळ्यांचं मन राखावं लागतं. स्वल्प समजून घ्या."

मी समजून घेतलं. तेच आजवर मला खातं आहे.

बेंगळुरूत आमच्या मराठी लोकांचं हे सभागृह जुनं. ते चालवणारी घरं तीनशे वर्षांपूर्वी इकडं आली असं ती सांगतात. आम्ही मागाहून आलो. माझे वडील पलटणीत होते, पलटणीबरोबर कँटोन्मेंटात आले आणि तिथल्याच मागच्या वस्तीत राहिले. आम्ही महार. वस्तीत मराठी बोलणारी आमची चार घरं, बाकी तमिळ, कानडी. आई म्हणायची, गावापासून लांब आलो ते बरं झालं, इथं आपल्याला कोण ओळखतंय. पण आपली भाषा बोलणारा माणूस भेटला की पहिल्या दोन वाक्यांत आडनाव विचारायचा. ओळखायला तेवढं पुरायचं.

नवरा गेला तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. डोक्यावर पाटी घेतली. जुने कपडे, फुटकी भांडी घ्यायची, नवी भांडी द्यायची. चामराजपेठ, बसवनगुडी, पायी. पुढच्या दाराला कधी गेले नाही, मागच्या दारानंच व्यवहार. मी दिलेल्या भांड्यावर बाई आधी पाणी शिंपडायची, मग आत न्यायची. उन्हात पाणी मागितलं की उंचावरून ओंजळीत धार. कोपरावरून ओघळून अर्धं पाणी पायावर जायचं. ज्या घरात असं पाणी मिळालं त्या घरात मी भाव सोडला नाही. साडीचा काठ विरलाय म्हणायचं, पितळेच्या तळाला टिचकी मारून तोंड वाकडं करायचं. आवाज चढवायला मी कधी लाजले नाही. बायका म्हणायच्या, ही फार भांडखोर. होते मी. त्याच जोरावर मार्केटजवळच्या गल्लीत दुकान केलं, तांब्यापितळेचं, जुन्याचं आणि नव्याचं. बाळूला शाळेत घातलं.

बाळू माझा भाऊ. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. वडलांच्या मागं मीच वाढवला. मला अक्का म्हणायचा, इकडच्या रीतीनं. फौजेत जातो म्हणाला तेव्हा मी कडाकडा भांडले. तो हसला. "अक्का, तू गिऱ्हाइकाशी भांड. मी ठरवलंय."

बासष्ट साली तो बर्फात गेला. तार आली. देह आला नाही. काही महिन्यांनी त्याच्या तुकडीतला एकजण घरी आला, बेळगावकडचा होता. आईसमोर चहाचा कप धरून बसला आणि आईनं विचारलं म्हणून सांगत गेला. मागून काही पोचेना. पाण्याच्या बाटल्या गोठल्या. चूल पेटवली तर धूर दिसेल, म्हणून बर्फ वितळवायची सोय नाही. बर्फ तोंडात धरायचे. त्यानं तहान भागत नाही, ओठ फाटतात. बाळू पडल्यावर थोडा वेळ शुद्धीत होता.

"काय म्हणाला?" आईनं विचारलं.

त्या पोरानं कप खाली ठेवला. "पाणी मागत होता, आई."

त्या दिवसापासून आईनं घोटभर पाणी सुखानं प्यायलं नाही. तांब्या तोंडाला लावायची आणि थांबायची. मी बघायची आणि दुकानात जाऊन कुणावर तरी ओरडायची.

पुढच्या वर्षी सभागृहाच्या अंगणात दगड उभा राहिला. आपल्या लोकांतले जे लढाईत गेले त्यांची नावं त्यावर, जुन्या लढायांतलीही. माधवअण्णा सेक्रेटरी. ऑफिसातून निवृत्त झालेले, जयनगरात नवं घर, बोलणं मऊ. त्यांनीच रीत ठरवली: प्रत्येक घरानं आपल्या घरचं पाणी तांब्यातून आणायचं. सगळं पाणी एका घंगाळात मिसळायचं. त्या पाण्यानं दगड धुवायचा. मग हार, मग दोन मिनिटं शांतता. रिकाम्या तांब्यात एक फूल घालून तो घरी परत द्यायचा.

ते घंगाळ घ्यायला ते माझ्या दुकानी आले.

"मोठ्यात मोठं दाखवा अक्का. तुमच्या भावाचंही नाव आहे दगडावर. मी घातलंय, बरं का."

मी सगळ्यात मोठं काढलं. जड तांब्याचं, जुन्या हाताचं काम. भाव सांगितलाच नाही. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला माल तसाच दिला. पण द्यायच्या आधी दोन दिवस आमच्या दारात, वस्तीच्या नळाखाली भरून ठेवलं, झिरपतं का बघायला. तशी आमच्या धंद्याची पद्धतच आहे. नंतर कळलं, सभागृहात नेल्यावर त्यांनी त्याला अग्नी दाखवला. आत कापूर जाळला, घंगाळ शुद्ध झालं. माझ्या भावाच्या वाट्याला तो अग्नीही आला नव्हता.

आईनं बाळूचाच तांब्या काढला. लहानपणी त्याच्या हातून पायरीवर पडून काठाला पोचा आला होता. दुकानात मी रोज असे पोचे ठोकून काढते. तो काढला नव्हता. आईनं चिंचेनं तांब्या घासला, दुहेरी फडक्यातून पाणी गाळलं, आणि वस्तीपासून सभागृहापर्यंत दोन्ही हातांनी धरून नेला. मी म्हटलं, दे, मी धरते. दिला नाही.

त्या पाण्याचं काय झालं ते वर सांगितलं.

मी पडवीतून परत आले. आई पुढच्या रांगेत बसली होती, डोक्यावर पदर घट्ट. लोक घंगाळ घेऊन आले. खालून हात दिला होता. ते मी सांगून आले होते. होय, तेवढं सांगून आले. दुसरं काही बोलले नाही. जी बाई भर बाजारात आवाज चढवते, ती पदर सावरून आईशेजारी बसली. दगडावर पाणी पडलं तेव्हा आईनं डोळे मिटले. तिच्या घशातली शीर हलली. जणू तीच पीत होती.

तांब्या परत मिळाला. आईनं फूल कपाळाला लावलं. घरी येऊन बाळूच्या फोटोमागं खोचलं. आणि कितीतरी महिन्यांनी तांब्याभर पाणी एका दमात प्यायली.

हे कसं मोडायचं, सांगा.

मी नाही मोडलं. वर्षभर नाही. आई शेजारणींना फूल दाखवायची. "माझ्या लेकराला पाणी पोचलं बघा." फूल वाळलं, काळं पडलं, तरी दाखवायची. मला मात्र ऐकू यायचं. क्रोटनखालच्या वाळक्या पानांवर पाणी पडल्याचा आवाज. दुकानात कुणी हंडा रिकामा केला तरी तोच. झोपेत बाळू यायचा. ओठ फाटलेले. बोलायचा नाही. पडवीत फरशीवर बसलेला असायचा, रांगेबाहेर, आणि माझ्याकडं बघायचा.

वर्ष भरत आलं तसे माधवअण्णा पुन्हा दुकानी आले. स्टुलावर बसले. इकडचं तिकडचं बोलले, मग मुद्द्यावर आले.

"मागच्या वेळी तुम्ही पाहिलंत. मला वाईट वाटलं. या वर्षी आईंना शाल द्यायचं ठरवलंय."

मी पुसायला एक डबा ओढला.

"खुर्ची पहिली. अगदी मधली."

मी पितळी डब्याचं झाकण पुसत राहिले.

"बरं, असं करू. पाणीही घेऊ. कार्यक्रम झाला, मंडळी गेली, की तुम्ही दोघी या. हवं तेवढं घाला. मी स्वतः उभा राहतो. सरी? चालेल ना?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. हा माणूस घासाघीस करतोय. मी गप्प बसतेय आणि तो चढवत चाललाय. माझाच धंदा तो माझ्यासमोर करत होता. आणखी थोडी गप्प राहिले असते तर आणखी काही मिळालं असतं. तेवढं मला कळतं. पण विकायला काय ठेवलं होतं मी? आईचं पाणी. दहा माणसांच्या पाण्यात तिचं पाणी मिसळू नये, याची किंमत ठरत होती, आणि मी वर्षभर गप्प राहून ती वस्तू दुकानात मांडून ठेवली होती.

"अण्णा," मी म्हटलं, "तुमचं घंगाळ दोन दिवस आमच्या नळाच्या पाण्यानं भरलेलं होतं. मी भरलेलं. गळतं का बघायला."

त्यांचा चेहरा उतरला. "अग्नी दाखवला होता," ते म्हणाले. मला नाही, स्वतःलाच.

"मग मला पण दाखवा. आईला दाखवा. कुठं बसवताय बोला."

ते उठून गेले.

संध्याकाळी मी आईला सांगितलं. सगळं सांगितलं. क्रोटन, धोतर, निवडलेलं फूल. मी तिथं उभी होते हेही, आणि गप्प राहिले हेही. वाटलं होतं रडेल, नाहीतर मला शिव्या देईल. ती उठली, फोटोमागचं फूल काढलं, चुलीत टाकलं.

"म्हणजे अजून तहानलेलाच हाय त्यो," ती म्हणाली.

मग माझ्याकडं वळली. "आन् तू वरीसभर मला पाणी पिऊ दिलंस?"

 

त्या वर्षी आम्ही गेलो. तोच तांब्या, तेच फडकं. फाटकाशी टेबल होतं, चिठ्ठ्या लिहायला एक बाई बसली होती. "अज्जी, तांब्या इथं द्या." आई थांबली नाही. सरळ दगडाकडं चालली. मी तिच्या मागं.

"अहो अज्जी, अजून सुरू व्हायचंय!" कुणीतरी म्हणालं. माधवअण्णा पुढं आले. "अक्का, तमाशा नको. आजचा दिवस कसला आहे?"

"तोच दिवस आहे," मी म्हटलं. आवाज बाजारात असतो तसा निघाला. अंगणभर गेला.

आईला वाचता येत नव्हतं. "कुठाय त्याचं नाव?" तिनं विचारलं. नाव सगळ्यात खाली होतं, वरच्या नावापासून चार बोटं जागा सोडून. मागच्या वेळी ही जागा मला दिसली नव्हती. मी आईचं बोट धरून अक्षरांवर ठेवलं. तिनं ती चाचपली. वरची मोकळी जागाही चाचपली. मग वर पाहिलं.

"ही वरची कोण?"

"बाकीची पोरं."

"ती बी अशीच गेली?"

"अशीच."

ती सरळ झाली. चवड्यांवर उभी राहिली, हात जातील तेवढे वर नेले आणि दगडाच्या माथ्यावरून पाणी सोडलं. पहिल्या नावावरून दुसऱ्यावर, सगळ्यांवरून, त्या चार बोटांच्या जागेवरून बाळूच्या नावापर्यंत. धार बारीक होती, पण पोचली.

मागं कुजबुज झाली. "आता परत धुवावा लागणार." हे वाक्य मी जसंच्या तसं ऐकलं.

मी दगडाच्या पायरीवर बसले. आईला शेजारी बसवलं.

"धुवा," मी म्हटलं. "आमच्यासमोर धुवा. कोण धुतंय ते मला बघायचंय."

घंगाळ भरून तयार होतं. कुणी उचललं नाही. हार लांबूनच ठेवले, शांतता लांबूनच पाळली. ऊन चढलं, लोक गेले. तिसऱ्या प्रहरी आईला भोवळ यायला लागली, म्हणून उठले. दुसऱ्या दिवशी तिथल्या राखणदारानं सांगितलं, आम्ही फाटकाबाहेर पडल्यावर पाऊण तासात दगड धुतला. दोनदा.

त्याला आता तीन वर्षं झाली. मध्ये आणखी एक लढाई झाली, आणखी नावं आली. ती बाळूच्या नावाखाली नाही, बाजूच्या नव्या दगडावर घातली. आई गेल्या वर्षी गेली. शेवटी तिच्या तोंडात मी त्याच तांब्यातलं पाणी घातलं.

मी दरवर्षी जाते. तांब्या टेबलावर देत नाही. माथ्यावरून पाणी सोडते, दोन्ही दगडांवर, आणि पायरीवर बसते. आता मी भाकरी बांधून नेते. दुकान त्या दिवशी बंद असतं. ते फाटकाशी घुटमळतात, घड्याळ बघतात, मी उठायची वाट पाहतात. मागच्या खेपेला मी दिवेलागणीपर्यंत बसले.

माझी कंबर अजून धड आहे. त्यांना धुवायचं असेल, तर माझ्या तोंडाकडं बघत धुवावं लागेल.