मशीन शनिवारीच का पडते?

कॉम्प्युटर सेंटरात नोकरी केलेल्याला किस्से शोधावे लागत नाहीत, विसरावे लागतात! मी सत्तरच्या दशकात सांगलीच्या सेंटरात प्रोग्रामर होतो. आमचे साहेब आठवले की आजही डोकं सणकतं.

साहेबांनी भिंतीवर हुकूम रंगवून घेतला होता : 'मशीन बंद पडल्यास खुर्चीवर असेल तो जबाबदार.' खुर्चीवर रोज ऑपरेटर कदम. वडूजचे, फौजेतनं रिटायर झालेले. लवकरच नोकरीत कायम व्हायचे होते.

*

मशीन पडायची शनिवारी. त्या दिवशी सांगलीचा बाजार. साहेब म्हणाले, "कदमांचं लक्ष भाजीत असतं!"

अहो, माणूस जागचा हलत नव्हता! कदम मला म्हणाले, "पानी प्यायला सुदीक उठलो न्हाई रं."

*

कंपनीचा इंजिनिअर मुंबईहून आला, तो सोमवारी. मशीन ठणठणीत! "इथली धूळ," म्हणाला, मटणाचं ताट हाणलं आणि गेला.

"धूळ काय फक्त शनिवारी उडते?" मी ओरडलो.

"वाद घालू नका," साहेब म्हणाले.

*

शेवटी मीच ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात शिरलो. तिथं एक फंक्शन होतं. रांगेत जितकी कामं, तितक्यांत ते मशीनचा वेळ वाटायचं. बाजारादिवशी कारखान्यांची माणसं कामच आणत नसत! रांगेत शून्य. शून्यानं भागायला गेली की मशीन आडवी.

चार पंच कार्डांत दुरुस्ती बसली : काम नसलं तर भागू नको, गप बस. रोज सकाळी मशीन चालू करताना ती कार्डं घालायची, बस्स.

धावत साहेबांकडे गेलो. म्हणाले, "छान! पण कदमांना काल काढलं. आता ऑर्डर मागं घेतली तर चूक माझी दिसेल."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या!

*

शनिवारी सेंटरचे चेअरमन मशीन बघायला आले. नवी सफारी घालून साहेब स्वतः खुर्चीवर! मशीन मोकळी दिसावी म्हणून रांगेतली उरलीसुरली कामंही त्यांनीच काढून टाकायला लावलेली. चेअरमन आत आले आणि मशीन पडली.

चेअरमननी भिंतीवरचा हुकूम मोठ्यानं वाचला. मला म्हणाले, "खुर्चीवर कोण हाय रं?"

"सायबच हायती की!"

सोमवारी कदम परत आले. मी शर्टाच्या खिशातनं चार कार्डं काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"घाला," म्हणालो.