नमुन्याची दोन पानं

चाकणच्या एका कंपनीत अकरा वर्षं मी कामगारांसाठी मराठीत सूचना लिहिल्या. नोकरी सोडून काळेवाडीतल्या घरून तेच काम स्वतंत्रपणे करायचं ठरवलं, तेव्हा वाटलं, लिहिता येतं म्हणजे झालं.

पहिला फोन तळवड्याच्या एका प्रेस शॉपच्या, म्हणजे मशीनवर दाबून पत्र्याचे भाग काढणाऱ्या कारखान्याच्या मालकांचा. सुरक्षेची पुस्तिका हवी होती. "मॅडम, आधी नमुना म्हणून दोन पानं पाठवा. बघतो आणि कळवतो."

चार दिवस खपून पाठवली. मग त्यांनी फोन उचलणंच बंद केलं. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसायच्या, उत्तर नाही. मनात शंकेची पाल चुकचुकली. तिसऱ्या आठवड्यात रिक्षा करून सरळ शॉपवर गेले.

प्रत्येक प्रेसवर लॅमिनेट केलेला कागद. "आधी हात बाहेर, मगच पाय पेडलवर. घाई मशीनला नसते, आपल्याला असते." वाक्यं माझी, खाली नाव कंपनीचं.

मशीनवरचे वयस्कर काका म्हणाले, "वाचताय व्हय? चांगलं लिवलंय. आधीचं इंग्रजीत व्हतं, आमी बघतबी न्हवतो."

क्षणभर बरं वाटलं. लगेच वाटलं, मला खूश करायला यांना कुणी शिकवून तर ठेवलं नसेल?

मालक केबिनमधून आले. "अहो, नमुनाच होता ना तो?"

"नमुना पसंत करायला असतो, वापरायला नाही."

"तसं लिहून कुठे दिलं होतं?"

"मग आता लिहून घेऊ," मी म्हणाले, "नाहीतर हे कागद उतरवा."

दोन दिवसांवर त्यांचं सुरक्षेचं ऑडिट होतं; कागद उतरवून चालणार नव्हतं. त्यांनी खुर्ची दिली आणि तासाभरात पूर्ण पुस्तिकेच्या कराराची प्रिंट पुढे केली. मी ती तीनदा वाचली. दुसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं, की मी दुसऱ्या कुठल्याही प्रेस शॉपसाठी लिहायचं नाही. ती ओळ मी पेनाने खोडली.

"एवढा संशय बरा नव्हे, ताई," ते म्हणाले. पण खोडलेल्या ओळीशेजारी सही केली. ती दोन पानंही बिलात आली, आणि पुस्तिकेच्या शेवटी माझं नाव छापलं गेलं.

पुढे त्यांच्याच शेजारच्या युनिटमधून फोन आला. "तुमचं नाव त्यांनीच सुचवलं. म्हणाले, पानं मागायच्या आधी करार पाठवा, नाहीतर बाई उठून शॉपवर येतात."

हे कौतुक होतं की तक्रार, मला अजून ठरवता आलेलं नाही.