यमुनापार रग्बी क्लबची तीन मैदानं आणि एक पाय

"दिल्लीला काय काढलंत मध्येच?" शेजारच्या काकूंनी विचारलं. बाबा म्हणाले, "रग्बीसाठी." काकू त्यांच्या गुडघ्याच्या पट्ट्याकडे बघत राहिल्या.

बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, पण उत्तर खरं होतं. नव्वदच्या दशकात आम्ही मयूर विहारात राहायचो. बाबा सरकारी नोकरीत सेक्शन ऑफिसर होते, आणि सोसायटीतल्या काही हौशी मंडळींना जमवून त्यांनी 'यमुनापार रग्बी क्लब' काढला होता. लांबट चेंडू बगलेत मारायचा, अंगावर येणाऱ्यांना चुकवत पळायचं आणि त्यांच्या टोकाच्या रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवायचा. ह्या टेकवण्याला 'ट्राय' म्हणतात. इतकं कळलं तरी पुढचं वाचायला पुरे आहे.

क्लब अजून चालू आहे. जुन्या खेळाडूंच्या मेळाव्यात फलक लागणार होता, 'पहिल्या विजयाचा ट्राय: श्री. सरवटे'. बाबांनी नवा ब्लेझर शिवला. आईनं आणि मी थर्मासमध्ये चहा भरला आणि पुण्याहून निजामुद्दीनला जाणारी गाडी पकडली.

जायचं असेल तर फेब्रुवारीत जा. दुपारी ऊन बरं वाटतं, सकाळी स्वेटर लागतो. आम्ही मयूर विहार फेज वनच्या मेट्रो स्टेशनजवळ एका गेस्ट हाऊसमध्ये उतरलो. खोली स्वच्छ, गरम पाणी फक्त सकाळी आठपर्यंत. कोपऱ्यावरचे छोले-कुलचे मात्र तीन दिवस तिन्ही वेळा खाऊ शकाल. मी खाल्ले.

पहिलं मैदान म्हणजे आमच्या जुन्या फ्लॅटसमोरची बाग. क्लब तिथे जेमतेम दोन महिने टिकला. सोसायटीच्या सेक्रेटरींची शेवंती तिसऱ्यांदा चिरडली गेली तेव्हा त्यांनी लेखी नोटीस दिली. बाबांनी शेवंतीच्या जागी आता असलेली ओपन जिम पाहिली आणि म्हणाले, "बघ, शेवटी व्यायामच आला ना इथे!"

दुपारी करोल बागेत गेलो, आईला शाल घ्यायची होती. पहिला चेंडू बाबांनी इथेच शोधला होता. रग्बीचा चेंडू कुणाकडेच नव्हता. शेवटी एका दुकानदारानं कुणी परदेशी माणूस टाकून गेलेला जुना चेंडू माळ्यावरून काढला, उलटसुलट करून बघितला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "भाईसाहब, ये तो पिचक गया है. गोल वाला ले जाओ."

दुसरं मैदान कॅन्टोन्मेंटमधलं. ते मिळालं साताऱ्याच्या सुभेदार साळुंखेकाकांमुळे. त्यांनी रविवारी सकाळी लष्करातली सहा आडदांड माणसं आणली आणि सरकारी कारकुनांचा संघ प्रथमच संघासारखा दिसू लागला. आत सोडत नाहीत, त्यामुळे तुम्हीही आमच्यासारखं टॅक्सीतून गेट बघा आणि पुढे जा.

तिसरं मैदान गुडगावात. तेव्हा तिथे मोहरीची शेतं होती आणि शेतांच्या मध्ये मोठमोठ्या पाट्या. एका बिल्डरनं रिकामा प्लॉट फुकट खेळायला दिला. का, ते पुढे त्याचं माहितीपत्रक छापून आल्यावर कळलं. त्यातल्या फोटोत बाबा चिखलानं माखलेले होते आणि खाली लिहिलं होतं, 'आमचे आनंदी रहिवासी'. तोवर तिथे एक वीटही रचलेली नव्हती.

पहिला विजय ह्याच प्लॉटवरचा. समोर होता नव्यानं आलेल्या एका परदेशी कंपनीतल्या साहेबांचा संघ. त्यांचे बूट एकसारखे होते, आमच्यापैकी चौघे कॅनव्हासचे घालून खेळले.

दुसऱ्या दिवशी मेट्रोनं गुडगावला गेलो. राजीव चौकात गाडी बदलायची, तिथली गर्दी टाळायची असेल तर अकराच्या पुढे निघा. साळुंखेकाका स्टेशनवर उभे होते. आता ते मुलाकडे तिथेच राहतात. प्लॉटवर आता मॉल आहे. साळुंखेकाकांच्या हिशेबानं जुनं मैदान नेमकं फूड कोर्टच्या खाली येतं.

बाबांना राहवेना. हातात डोशाचा रिकामा ट्रे घेऊन त्यांनी दाखवायला सुरुवात केली. "हा ज्यूसवाला म्हणजे मधली रेषा. इथे साळुंख्यांनी मला पास दिला. मी डाव्या कडेनं निघालो..." ते खरंच भराभर चालू लागले. सिक्युरिटी गार्ड धावत आला. "सर, ट्रे उधर रखना है."

"ट्रे नाही, चेंडू आहे!" बाबा मराठीतच ओरडले आणि आईसक्रीमच्या काउंटरपाशी थांबले. "आणि इथे टेकवला!"

साळुंखेकाकांनी टाळ्या वाजवल्या. आईनं लस्सीचा ग्लास खाली ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "पाय बाहेर होता तुमचा."

त्या सामन्यात बाजूच्या रेषेवर झेंडा धरून आई उभी होती. आमच्याकडून दुसरं कुणी मोकळं नव्हतं. पाय रेषेला लागला की झेंडा वर करायचा, खेळ थांबतो, एवढंच तिला शिकवलं होतं.

"काय?" बाबा.

"बाहेर होता. चांगला वीतभर. मी झेंडा वर केला नाही."

साळुंखेकाका छताकडे बघू लागले. "वहिनी, आता कशाला..."

"म्हणजे साळुंखे, तुम्हालाही माहीत होतं?"

"साहेब, मी मागेच होतो की तुमच्या."

गेस्ट हाऊसवर परतल्यावर बाबा ब्लेझर हँगरला लावून त्याच्यासमोर बसून राहिले. आई मला हळूच म्हणाली, "उद्या खोटं नाव लागलं असतं गं भिंतीवर. आज नाही तर कधी सांगणार?" मला दोघांचीही दया येत होती आणि हसूही दाबवत नव्हतं.

मेळावा गुडगावच्या पार टोकाला, एका शाळेच्या भाड्यानं घेतलेल्या मैदानावर होता. ऑटोवाले येत नाहीत, टॅक्सी आधीच ठरवा. क्लबची सेक्रेटरी रितिका, पंचविशीची, स्वतः खेळते. तिनं पडदा ओढला, फलक झळकला, टाळ्या झाल्या. बाबांनी माइक घेतला.

"मेरा पाँव बाहर था," ते म्हणाले. "नाम हटा दीजिए."

मग मागच्या खुर्चीवरून एक गलेलठ्ठ गृहस्थ उठले. ते भल्लासाहेब, त्या दिवशीच्या कंपनी संघाचे कप्तान.

"सरवटेजी, पाँव छोड़िए. उस दिन हम सोलह खेल रहे थे."

रग्बीत एका बाजूला पंधरा असतात.

"सोलह?" साळुंखेकाका ताडकन उभे राहिले. "तरीच! तरीच मला सगळीकडे एक जास्त दिसत होता!"

"किसी ने गिना ही नहीं," भल्लासाहेब म्हणाले. "और फिर भी हार गए. तीस साल से किस मुँह से बताता?"

बाबा त्यांच्याकडे गेले आणि दोघांनी एकमेकांना अशी मिठी मारली की रेफरीनं शिट्टीच वाजवली असती. नाव काढायचं का, ह्यावर रितिकानं निकाल दिला, "अंकल, पेंट सूख गया है." मग सगळे छोले-भटुऱ्यांकडे वळले.

पुण्याला येऊन आठवडा झाला. काल स्वयंपाकघरात मी आईला विचारलं, झेंडा का नाही वर केलास?

ती कणीक मळत होती. "तेव्हा ह्यांच्या ऑफिसातले दोघे नोकरी सोडून नव्या कंपन्यांत गेले होते. ह्यांना कुणी साधं विचारलंही नव्हतं. महिनाभर घरात बोलणं नाही, हसणं नाही. आणि त्या दिवशी हे माझ्या समोरून पळत गेले ना, तोंडभर हसत होते. हात वर गेलाच नाही माझा."

बाबांना हे तिनं कधी सांगितलेलं नाही, मीही सांगितलं नाही. पण ते हा ब्लॉग नेमानं वाचतात, शुद्धलेखनाच्या चुका काढायला. आज चुका काढता काढता इथवर पोचतील.