कूलरच्या बाजूनं काढलेली पावलं

दिवसभर मी रेघा ओढतो आणि त्यातली एकही माझ्या हातची नसते. देवासच्या एका कारखान्यात मी ड्रॉइंग विभागात आहे. यंत्रांचे सुटे भाग संगणकावर काढायचे, समोरून, वरून, बाजूनं. वर्तुळ हवं असेल तर एक बटण दाबायचं. वर्तुळ असं गोल येतं की त्याचा राग यावा.

म्हणून माझ्या डब्याच्या पिशवीत एक जाड कोऱ्या पानांची वही असते आणि एक शाईचं पेन. खोडरबर मुद्दामच ठेवत नाही. जेवणाच्या सुट्टीत मी डबा भराभर संपवतो आणि समोर दिसेल ते काढत बसतो. कॅन्टीनवाल्याचा चहा ओतणारा हात, एकमेकींवर रेलून उभ्या सायकली आणि टेकडी. देवासमध्ये कुठंही उभं राहिलं तरी टेकडी दिसते, वर दोन देव्या बसलेल्या, मोठी माता आणि छोटी माता. माझ्या वहीत ती इतक्या वेळा आलीय की आता पेन आपोआप चढण चढतं.

प्रवासात तर मला भूतच लागतं. सोनकच्छला कामासाठी गेलो तर काम राहिलं बाजूला, मंडीत गव्हाच्या ढिगावर पाय पसरून झोपलेला हमाल आधी वहीत आला. बस खड्ड्यात गेली की रेघही खड्ड्यात जाते, तीही मी तशीच ठेवतो. लोक वाकून बघतात. "क्या बना रिये हो भिया?" एकदा धारच्या बसमध्ये एका काकांनी आपलं चित्र पाहिलं आणि गंभीरपणे सांगितलं, "मूँछ थोडी भारी करो." मी केली भारी. उतरताना त्यांनी इतक्या ऐटीत मिशीवर हात फिरवला की मला वाटलं, झाला, आजचा दिवस सार्थकी लागला.

धारला माझी आत्या राहते. ती देवासची माहेरवाशीण, लग्न होऊन धारला गेली आणि तिथलीच झाली. तिच्या हाताला जी रेघ येते तशी मी आजवर कोणाच्या हातची पाहिलेली नाही. चैत्रात गौर झोपाळ्यात बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर रोज सकाळी ती देवघरापुढच्या फरशीवर चैत्रांगण काढते. गेरूचा हात फिरवते, चिमटीत रांगोळी घेते आणि सुरू. वर आंब्याचं तोरण, मखरात गौर, मग हत्ती, मोर, गाय-वासरू, तुळस, शंख, कासव, पाळणा, फणी-करंडा आणि सगळ्यात शेवटी लक्ष्मीची पावलं. हात उचलायचा नाही, मागे वळून बघायचं नाही. मी संगणकावर दहादा मागे जाऊन रेघ सुधारतो, त्यामुळे तिला बघताना मला हेवा वाटायचा. अगदी उघड, लहान मुलासारखा हेवा.

गेल्या चैत्रात मी धारला होतो तेव्हा तिचं अख्खं चैत्रांगण वहीत उतरवून घेतलं. उकाडा असा होता की फरशीही कोमट लागत होती. कूलर देवघराशेजारच्या खिडकीत, म्हणून मी तिथंच, कूलरच्या पुढ्यात, भिंतीला टेकून बसलो. समोर आत्या, मध्ये चैत्रांगण. ती तिकडून काढत होती, मी इकडून. चित्र सुरेख झालं. मी आठवडाभर ज्याला त्याला ते दाखवत सुटलो होतो.

यंदा थंडीत आत्या कुक्षीला एका लग्नात गेली आणि मांडवातल्या ओल्या जागेवर घसरली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात वर-खाली होऊ लागला, पण अंगठा आणि बोट एकमेकांना धरून राहीनात. मीठ टाकायला गेली की सगळं भाजीत पडायचं. चैत्र तोंडावर आला तेव्हा तिनं घरात जाहीर केलं, "गौर बसेल. चैत्रांगण नाही, हळदीकुंकूही नाही. बायका आल्या की आधी फरशी बघतात. त्यांना काय दाखवू, माझा हात?"

हे मला वहिनीनं फोनवर सांगितलं. वहिनी म्हणजे आत्याची सून. ती हिंदी शाळेत शिकलेली, तिची मराठी आमच्या सगळ्यांपेक्षा वेगानं धावते. "भावजी, मी तर आईंसाठी ऑनलाइन स्टिकर मंगवलं. पूरं चैत्रांगण, एकदम सुंदर, पाच मिनटात चिपकून जातं. आईंनी पाहिलं आणि आतल्या खोलीत जाऊन बसल्या. जेवल्या पण चुपचाप. तुमच्या कॉपीत ते पिछल्या सालचं आहे ना? त्याचा फोटो भेजा, मी ट्राय करते."

फोटो? मी ताडकन उठूनच बसलो. म्हटलं, वहिनी, फोटो नाही, मीच येतो. हळदीकुंकू ठरवून टाका.

खरं सांगतो, मला आत्याच्या हाताचं वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त मला उकळ्या फुटत होत्या. ती रेघ मी ओढणार! गच्चीवर जाऊन मी सराव सुरू केला. रांगोळी चिमटीतून सुटली की ढीग व्हायचा, धरून ठेवली की काहीच पडायचं नाही. माझा पहिला हत्ती बटाट्याच्या पोत्यासारखा दिसत होता. तिसऱ्या-चौथ्या सकाळी एकदाची सोंड सलग आली आणि मी गच्चीवर एकटाच ओरडलो. शेजारच्या घरातून कोणीतरी खिडकी उघडून पाहिलं.

वहिनीनं परस्पर ठरवून टाकलेल्या हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं निघालो, इंदूरला गाडी बदलली. वही मांडीवर उघडी, बोटांनी हवेत मोर गिरवत होतो. शेजारचा माणूस जरा सरकून बसला.

आत्या पलंगावर बसली होती, उजवा हात पदराखाली. मी काय करायला आलोय हे ऐकून तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तू? पुरुषानं चैत्रांगण काढलेलं मी जन्मात पाहिलं नाही रे."

"मग आज बघ."

"मी बघणारच नाही. तुझं तू काढ. पण ऐकून ठेव, माझ्या फरशीवर चुकीचं काही चालायचं नाही. चुकलास तर ते चिकटवायचं आणलंय ना हिनं, तेच चिकटवा, आणि मला परत विचारू नका. यंदाही नाही आणि पुढल्या सालीही नाही."

एवढं बोलून तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, मी वहिनीकडे. आत्या रुसून बोलत नव्हती. तिनं ठरवलं होतं, हे तिच्या आवाजावरून कळलं. आता ही नुसती माझी हौस राहिली नव्हती.

मी फरशी पुसली, गेरू फिरवला, वही शेजारी उघडी ठेवली आणि देवघराकडे तोंड करून बसलो. वहिनी स्वयंपाकघरात आंब्याची डाळ वाटत होती, मध्येच येऊन "वा भावजी, वा!" म्हणून जात होती. तोरण आलं. मखर आलं. हत्ती आला, सोंडेसकट. मोराचा पिसारा काढताना मी श्वासही घेत नव्हतो बहुतेक. गुडघे सोलवटले, पाठ मोडली, घाम रांगोळीवर पडू नये म्हणून डोक्याला रुमाल बांधला. पण रेघ चालत होती! थरथरत का होईना, माझ्या हातानं, न थांबता. शेवटी मखरापुढे लक्ष्मीची पावलं काढली, वहीत होती तशी बरोब्बर, एकेका बोटासकट. दुपार सरली होती. मी उठून उभा राहिलो आणि खोटं कशाला बोलू, मला स्वतःला मिठी मारावीशी वाटली.

तेवढ्यात शेजारची मालवी काकी बोलावण्याआधीच डोकावली. ती दिवाळीला अंगणात असे मांडने काढते की रस्त्यावरची माणसं थांबतात. गालावर हात ठेवून तिनं सगळं पाहिलं. "अरे भिया, घणो अच्छो माँड्यो!" मी फुललो. मग तिची नजर खाली आली आणि ती खो-खो हसत सुटली. "पण लछमीजी तो घर से बाहर जई री हे!"

मी पाहिलं. पावलांच्या टाचा गौरीकडे होत्या आणि बोटं दाराकडे. लक्ष्मी आमच्या आत्याच्या घरातून व्यवस्थित, बांगड्या वाजवत बाहेर चालली होती.

असं कसं झालं? मी वही उचलली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. कूलर! गेल्या वर्षी मी समोरून बघत होतो. आत्याचं सगळं मला उलटं दिसत होतं, म्हणून वहीत हत्ती, मोर, गाय एकेक करून मी सुलटे करून घेतले होते. उलटा हत्ती लगेच खटकतो. पावलं मात्र कुठूनही पाहिली तरी पावलंच दिसतात. ती मी माझ्या बाजूनं दिसली तशीच ठेवली होती. ज्या माणसाला समोरून, वरून आणि बाजूनं काय दिसतं हे काढायचा पगार मिळतो, त्यानं हे केलं होतं. मला इतका संताप आला की वही कूलरमध्ये टाकावी.

"काय झालं? कोण बाहेर चाललंय?" आतून आत्याचा आवाज आला.

वहिनीच्या हातातला डाव तसाच राहिला. मग पलंग करकरला आणि आत्या दारात उभी राहिली. तिनं तोरणापासून सुरुवात केली. हत्तीवर थांबली. मोरावर जरा जास्तच थांबली. मग पावलं पाहिली.

"अरे मेल्या!"

मला वाटलं, संपलं. आता स्टिकर.

"सवाष्णी यायची वेळ झाली आणि लक्ष्मीला घराबाहेर काढतोस? सरक. सरक म्हणते ना!"

ती भिंतीला धरून खाली बसली. हे ती त्या पडण्यानंतर पहिल्यांदाच करत होती, वहिनी धावली तर तिला तिनं कोपरानंच दूर केलं. डाव्या तळव्यानं माझी पावलं खसाखसा पुसली. मग उजवा हात नेहमीच्या सवयीनं रांगोळीच्या डब्याकडे गेला, अर्ध्यात थांबला आणि पदराखाली परत गेला. तिनं डाव्या हाताची चिमूट डब्यात घातली.

मी तिच्या मागे बसलो, तिच्या खांद्याला लागून. वही कधी उघडली, पेन कधी काढलं, कळलंही नाही.

पहिलं पाऊल वाकडं आलं. दुसरं पहिल्याहून मोठं. बोटं कुठं जाड, कुठं नुसते ठिपके. आत्यानं मान तिरकी करून पाहिलं. "म्हातारीची पावलं झाली रे."

"तेव्हा तर सांभाळून आत येईल ना, आई," वहिनी म्हणाली.

आत्या हसली. मग काकी हसली, मी हसलो. संध्याकाळी बायका आल्या, डाळ-पन्हं झालं, ओट्या भरल्या गेल्या. येणारी प्रत्येक जण आधी फरशीच बघत होती आणि आत्या प्रत्येकीला सांगत होती, "हत्ती भाच्याचा, पावलं माझी." मी कोपऱ्यात पन्ह्याचा पेला धरून बसलो होतो आणि मला सारखं हसू येत होतं. आयुष्यात माझ्या कुठल्याही चित्राला असा भाव मिळाला नव्हता.

सकाळी परतीच्या बससाठी लवकर उठलो. बॅग खांद्याला लावली आणि चैत्रांगण शेवटचं बघून घ्यावं म्हणून देवघराकडे गेलो. फरशी कोरी! नुकता गेरूचा हात फिरवलेला, अजून ओली. माझा हत्ती, माझा मोर, गुडघे फोडून काढलेलं सगळं बादलीत गेलं होतं.

"आत्या! पुसलंस?"

"मग? कालचं शिळं ठेवायचं? रोज काढतात, विसरलास?" ती भिंतीला टेकून खाली बसली होती, रांगोळीचा डबा डाव्या बाजूला. शेजारी वहिनी मांडी घालून बसली होती, मांडीवर माझी वही उघडी, आणि चिमटीतून रांगोळी सोडायचा प्रयत्न करत होती. ढीग पडत होता.

आत्यानं घड्याळाकडे पाहिलं.

"गाडी किती वाजता तुझी?"

"आहे थोडा वेळ."

"तर मखर तेवढं काढून दे हिला. हत्ती ही शिकेल. पावलांना हात लावू नकोस, ती मी काढते."

मी बॅग खाली ठेवली, कारखान्यात फोन केला आणि तिच्या शेजारी, देवघराकडे तोंड करून बसलो.